चाखून घेतलेलं जॅकेट

दुरुस्तीच्या त्या खोलीत पाऊल टाकलं की आधी दिसायचा पाण्याने भरलेला मोठा टब आणि त्यामागे आत्याच्या कपाळावरची आठी. बंदरातले झाडून सगळे डायव्हर तिला आत्याच म्हणायचे. पण खरीखुरी भाची तिला एकच होती, आणि आज त्या भाचीची परीक्षा होती.

परीक्षा म्हणजे कागद-पेन्सिलीची नव्हे. जहाजांचे तळ पाण्याखाली जाऊन तपासणाऱ्या पथकात पोरीची निवड झाली होती, पण पथकाचे प्रमुख जुन्या वळणाचे. नव्या माणसाने आपलं जॅकेट आपण निवडायचं, का निवडलं ते सांगायचं. चुकला, तर वर्षभर बोटीवर बसून दोर धरायचा.

आता जॅकेट म्हणजे थंडीतलं नव्हे बरं का. सिलिंडरमधली हवा बटण दाबून त्यात भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो, आणि बेताची ठेवली की मधल्यामध्ये तरंगत काम करतो. त्याने दगा दिला की खेळ खलास. बटण अडकून जॅकेट भसाभस फुगलं, तर माणूस बाटलीच्या बुचासारखा वर फेकला जातो, आणि वर जहाजाचं पोट असतं.

म्हणून आत्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही जॅकेट बाहेर पडत नसे. तिची तऱ्हाही जगावेगळी. जॅकेटाच्या आत गोडं पाणी भरायचं, खळखळून हलवायचं, बाहेर काढायचं आणि त्याचा एक थेंब जिभेच्या टोकावर ठेवायचा. खारट लागला की नापास.

"हवा सोडताना थोडं समुद्राचं पाणी आत शिरतंच. त्यातलं मीठ राहिलं की ते बटणात जाऊन बसतं," ती म्हणायची. "डोळ्यांना दिसत नाही मेलं. जिभेला बरोबर कळतं."

नवे लोक तोंडावर हात ठेवून हसायचे. हसेनात का बापडे! पास झालेल्या जॅकेटाला चिठ्ठी लागायची, चिठ्ठीवर आत्याची सही, आणि गेल्या बावीस वर्षांत त्या चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाची सही पडली नव्हती. दुसऱ्यावर विसंबणं तिच्या रक्तातच नव्हतं.

टेबलावर तीन जॅकेटं मांडली होती. एक प्रमुखांनी आणलेलं, कोरं करकरीत. दुसरं पथकाच्या वापरातलं, रंग उडून कोणत्या रंगाचं होतं तेही कळू नये असं. आणि तिसरं आत्याचं स्वतःचं. याच जॅकेटात तिने सातशेवर बुड्या मारल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी भर सर्दीत हट्टाने उतरली, डाव्या कानाचा पडदा फाटला, आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. तेव्हापासून जॅकेट कपाटात. दर महिन्याला ती ते पुसायची, वर्षातून एकदा फुगवून बघायची.

"माझं घेईल ती," आत्या प्रमुखांना आधीच सांगून बसली होती. "लिहून देते. या जॅकेटाच्या तोडीचं बंदरात दुसरं नाही."

भाचीने आधी कोरं जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि दोन्ही हात वर केले. जॅकेट सरकत थेट कानापर्यंत आलं.

"हे मला मोठं होतंय," ती म्हणाली. "शिवाय हवा सोडायची दोरी पाठीमागे आहे. जाड हातमोजे घातल्यावर मला ती सापडायची नाही. दिसायला झकास आहे, पण माझ्या कामाचं नाही."

प्रमुखांनी नुसतं हूं केलं. आत्याच्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. आता आपलीच पाळी, म्हणून ती खुर्चीत सावरून बसली.

भाचीने आत्याचं जॅकेट अंगात घातलं. मापाने शिवून घेतल्यासारखं बसलं. सिलिंडरची नळी जोडून तिने बटणाला टिचकी मारली, हवा भरली. पुन्हा टिचकी, पुन्हा हवा. सातव्या टिचकीला ती थांबली आणि बटणाला कान लावला.

"आत्या, बटण सोडल्यावरही बारीक फुसफुस येतेय."

"कसली फुसफुस? मला नाही ऐकू येत."

"तू डावा कान केलास इकडे."

प्रमुखांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भाची कुठे बघत होती? तिने जॅकेट उतरवलं, गोडं पाणी आत ओतलं, खळखळून हलवलं, वाटीत काढलं आणि थेंब जिभेवर ठेवला.

"खारट आहे. नापास."

"काय बोलतेस! मी स्वतः धुते ते."

"बाहेरून धुतेस."

आत्याने वाटी जवळजवळ हिसकावून घेतली, बोट बुडवलं, चाखलं. खारटच होतं. आणि मग तिला सगळं आठवलं. त्या शेवटच्या दिवशी कानातून रक्त येत होतं, कुणीतरी जॅकेट उतरवून खुंटीला टांगलं होतं. नंतर तिने ते शंभर वेळा पुसलं, पण आत पाणी घालायला हात धजला नाही. शेवटच्या बुडीचा समुद्र आत आहे, राहू दे, असं मनात कुठेतरी होतं. दुसऱ्यांची जॅकेटं चाखत बसली आणि घरच्याला सूट दिली! उद्या पोर हे घालून जहाजाखाली गेली असती तर?

"मग कोणतं?" प्रमुखांनी विचारलं.

भाचीने रंग उडालेलं जॅकेट उचललं. पट्टे ओढून पाहिले, बटणाला वीस टिचक्या मारल्या, फुगवून टबात दाबलं. एकही बुडबुडा आला नाही. अंगात घातलं, कमरेला शिशाची वजनं बांधली आणि स्वतःच टबात उतरली. जॅकेटाने तिला डोकं वर ठेवून अलगद धरलं. बाहेर येऊन तिने जॅकेटात गोडं पाणी ओतून हलवलं, वाटीत काढलं आणि चाखलं.

"गोड. हे माझं."

"उद्या सकाळी सहाला बोटीवर ये," प्रमुख म्हणाले. "दोर धरायला नाही."

राहिली चिठ्ठी. सवयीने आत्याने त्या जॅकेटाकडे हात नेला, वाटीही ओढली. पण थेंब चाखला नाही. वाटी बाजूला सारली आणि पेन भाचीपुढे केलं.

"सही कर."

"मी? तू बघणार नाहीस?"

"तपासलं कुणी? तू ना? मग सही काय शेजाऱ्याने करायची?"

भाचीने सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. आत्याने दुसरी चिठ्ठी घेतली, त्यावर ठळक 'नापास' लिहिलं, स्वतःच्या जॅकेटाला बांधली आणि तेही पोरीपुढे सरकवलं.

"हिच्यावरही कर. आणि मग हे आतून धू. चांगलं तीनदा धू."

त्या दिवशी दुपारपासून जो कुणी खोलीत आला, त्याला आत्याने हात धरून खुंटीपाशी नेलं आणि तिथे वाळत घातलेल्या आपल्या जॅकेटावरची ती चिठ्ठी दाखवली. सिलिंडर भरायला आलेल्या माणसाला तर दोनदा.

"माझ्या भावाची मुलगी," ती सांगत होती. "माझंच जॅकेट नापास केलं हो तिने. माझ्या तोंडावर!"