राखीव मासा

आमच्या प्रयोगशाळेत तपासायला मासा लागतो बोटभर. पाठीचा तुकडा कापायचा, वाटायचा, मशीनला द्यायचा. उरलेला मासा सील करून रिपोर्ट निघेपर्यंत फ्रीजरमध्ये राखून ठेवायचा, असा नियम. पण दर मंगळवारी तळ्यावरून पेटीभर रोहू येतात आणि फ्रीजर एकच. म्हणून वर्षानुवर्षं हा राखीव मासा आम्ही मुकाट्याने वाटून घेतो आणि घरी नेतो.

नोकरीसाठी उत्तरेत आले तरी मी मालवणची. गोड्या पाण्यातल्या माशाला मी मासाच म्हणत नाही. पण माझी लेक स्वरूपा पाचव्या महिन्यात लक्ष्मीबाई नगरला आमच्या घरी, माहेरी आली आणि तिला डोहाळे लागले ते माशाचेच. ते आईने नाही पुरवायचे तर कोणी? सात मंगळवार मी रोहू घरी नेला, आमसुलं घालून आमच्याकडचं झणझणीत कालवण, तिखलं केलं. ती बोटं चाटत जेवायची आणि मला कोण आनंद व्हायचा!

या काळात मशीन बंद होतं; तपासायचे तुकडे तेवढे डब्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवलेले होते. आठव्या मंगळवारी ते सुरू झालं आणि सातही आठवड्यांचे निकाल एकदम हातात आले. प्रत्येक माशात कीटकनाशकं, तीही कधीच बंदी आलेली, तळ्याच्या गाळात मुरून बसलेली. मर्यादेच्या चौपट. ही विषं चरबीत साठतात, आईकडून बाळाकडे जातात. नव्या मुलांना हे मीच शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःची शिसारी आली.

"रिज़र्व सैंपल से कन्फर्म कर लीजिए, मैडम," साहेब म्हणाले. मग त्यांना आठवलं. दोन रोहू त्यांच्याही घरी गेले होते. "अच्छा, तो लिख दीजिए, फ्रीज़र ख़राब हो गया था."

फ्रीजर बिघडला म्हटलं की सगळेच नमुने नासके, निकाल रद्द. नवे नमुने थेट पावसाळ्यानंतर. तोवर तळ्याचा मासा बाजारात विकला जाणार. खरं लिहिलं तर निकाल टिकेल, माझी नोकरी टिकेल असं नाही. निवृत्तीला पाच महिने उरलेत.

घरी आले तर स्वरूपा दारातच. "आई, आज मंगळवार ना? फिश नाही आणला?"

मी तिला सगळं सांगितलं. रडत सांगितलं, साहेबांचा सल्लासुद्धा.

तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे जाऊ. तुला काय माहीत होतं, आई."

"नियम माहीत होता."

"हो, तो माहीत होता," ती म्हणाली. तिने मला माफ केलं नाही, आणि ते बरंच केलं. "पण यार, मला तू आज सांगितलंस. त्या तळ्याचा फिश खाणारी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला कोण सांगणार? पावसाळ्यानंतर तर तिची डिलिव्हरी पण होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडून मी तडक ऑफिसात गेले. रजिस्टरमध्ये 'राखीव नमुना कुठे आहे' असा रकाना असतो. वीस वर्षं मी तिथे डोळे मिटून 'फ्रीजर' लिहीत आले. मी घरी नेलेल्या माशांच्या सातही नोंदींवर काट मारली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं: 'माझ्या मुलीने खाल्ला. ती गरोदर आहे.'

सात वेळा लिहिलं आणि सात वेळा सही केली.