फोमचा खोका

ते साल अठ्ठ्याऐंशी. एक निळी मोटार रोज सकाळी आमच्या दारासमोर येऊन उभी राहू लागली. आतला माणूस उतरायचा नाही की कुणाशी बोलायचा नाही. सासूबाईंनी खिडकीतून पाहून निकाल देऊन टाकला, "बायकोनं घराबाहेर काढलेला दिसतोय. जेवतोसुद्धा गाडीतच."

मी उशांत फोम भरत होते. हसले आणि विसरून गेले.

आमचे हे होते घरसामान हलवणाऱ्या टोळीत. कपाटं, फ्रिज, लोखंडी तिजोऱ्या, काय वाटेल ते पाठीवर पट्ट्यानं बांधून जिने चढायचे. सगळे त्यांना 'क्रेन' म्हणत. आदल्या वर्षी जिन्यात फ्रिज घसरला. खालच्या बाजूला हे होते. फ्रिज वाचला, ह्यांचा मणका गेला. पाण्याची बादलीही उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मालकानं विमा कंपनीकडे बोट दाखवलं आणि कंपनीनं सुनावणीची तारीख. आमचं सगळं घर त्या भरपाईवर टांगलेलं होतं.

तोवर मी एका दुकानाला उशा भरून देत होते. वॉशिंग मशीनच्या जुन्या खोक्यात घालून मीच पोचवायची. खोका माझ्या छातीपर्यंत यायचा, पण वजन म्हणाल तर तान्ह्या मुलाइतकंही नाही. पाहणाऱ्याला ते काय कळणार? बाई एवढं धूड घेऊन चाललीय आणि क्रेन खिडकीत बसलाय, एवढंच दिसायचं. कोपऱ्यावर टोळीचा टेम्पो उभा असायचा. त्यांच्यासमोरून मी जायची तेव्हा हे खिडकीतून आत सरकायचे.

एके सकाळी ह्यांनी खुंटीवरचा जुना पट्टा काढला. म्हणाले, खोका मी नेतो. मी म्हटलं, मग काखोटीला मारून न्या की. तरी ह्यांनी खोका पट्ट्यानं पाठीवर बांधून घेतला, कमरेत वाकले आणि एकेक पाऊल जड टाकत निघाले. कोपऱ्यावर मुकादमानं हाक मारली, "क्रेन, जपून रे बाबा." हे मान वळवून हसले. हे तर काहीच नाही, असं म्हणाले म्हणे. घरी आले ते पाठ चोळतच, पण चेहरा असा उजळलेला की माझ्यानं काही बोलवेना. मग ते रोजचंच झालं.

सुनावणीच्या खोलीत पडदे ओढून टीव्ही लावला, तेव्हा निळ्या मोटारीचा उलगडा झाला. आमचा दरवाजा दिसला. हे बाहेर आले. पाठीवरच्या खोक्यावर वॉशिंग मशीनचं हे एवढं चित्र. चालले असे होते की क्षणभर मीसुद्धा आतल्या उशा विसरले.

कंपनीचे वकील नम्रपणे एवढंच म्हणाले, की ह्यांना बादली उचलवत नाही.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ह्यांना विचारलं, "खोक्यात काय होतं?"

मी उठायला लागले, तर ह्यांनी हात धरून खाली बसवलं. एकदा मागे पाहिलं. मागच्या बाकावर मुकादम आणि टोळीतले तिघे बसले होते, अपघाताची साक्ष द्यायला आलेले. ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं. हा माणूस भरपाई सोडील, पण तोंड उघडणार नाही.

"उशा होत्या, साहेब. फोमच्या."

"म्हणजे तुम्ही नाटक करत होता," वकील म्हणाले.

"हो. गल्लीपुढे. तुमच्यापुढे नाही."

साहेबांनी दुकानदाराला बोलावून खात्री करून घेतली, डॉक्टरांना पुन्हा विचारलं आणि दावा मंजूर केला. मी डोळे पुसत होते. हे मात्र टोळी निघून जाईपर्यंत बाकावरून उठेनात. जिन्याच्या तोंडाशी मुकादम थांबलाच होता.

म्हणाला, "आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

ह्यांनी मान वर केली नाही.

"पाठीवर ओझं असलं की तू कधी बोललायस? खोका घेऊन मात्र रोज गप्पा."

"मग हाका कशाला मारायचात?"

"तू बोलायचास म्हणून."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी खोका काखोटीला मारून नेला. कोपऱ्यावरून हाक आली, "क्रेन, जपून रे." सगळे हसले, हेही हसले.

आता त्यातलं फारसं कुणी उरलं नाही. त्या मोटारवाल्याला बायकोनं पुन्हा घरात घेतलं की नाही, याची काळजी सासूबाईंना शेवटपर्यंत होती. खरं काय ते सांगून पाहिलं, पण त्यांना आपलंच पटायचं. तो माणूस मला पुढे एकदा दवाखान्यात भेटला, हातात काठी. त्यानंच ओळखलं. खाली बघत विचारलं, "ते बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. दुकान बंद झालं. टेम्पो विकला गेला.

हे गेले त्याला आता आठ वर्षं झाली. दुखण्यानं अंगात काही ठेवलं नव्हतं; शेवटी शेवटी मी एकटी त्यांना कुशीवर वळवत असे. मुकादम आला, टोळीतले उरलेले तिघे आले, सगळे पिकल्या केसांचे. शेजारची तरुण मुलं खांदा द्यायला पुढे झाली, तर मुकादमानं त्यांना हातानंच बाजूला केलं. "वहिनी, आम्ही नेतो," एवढंच मला म्हणाला.

मी खिडकीत उभी राहिले. जन्मभर बडबड केलेली माणसं ती. पार कोपऱ्यापर्यंत एकही शब्द बोलली नाहीत.