रोपे लावण्याआधी

माझे पाते झिजून आता बोटभर उरले आहे. तरी मित्रांनो, मी खुरपेच आहे, फक्त जुने.

एका लोहाराने मला भंगारातल्या लोखंडी पट्टीतून घडवले आणि इस्पितळाच्या बागेत काम करणाऱ्या माळ्याने मला घेतले. तीस वर्षे मी त्याच्या मुठीत होते. कुणी बागेचे कौतुक केले की तो म्हणायचा, "अर्धी शाबासकी खुरप्याची."

पुढे तो निवृत्त झाला आणि दम्याने त्याला खाटेला खिळवले. शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या मुलीने त्याला आणि त्याच्याबरोबर मलाही आपल्या घरी आणले. त्याच्या खिडकीबाहेर झुडपांनी भरलेली जागा होती. मुलीने माणसे लावून ती साफ करून घेतली. जमीन तळहातासारखी दिसू लागली.

"उद्याच फुलांची रोपं लावते, बाबा," ती म्हणाली.

"घाई नको. वरचं गेलंय, खालचं तसंच आहे. नुसतं पाणी दे, तण उगवू दे, मग मुळासकट काढ. असं तीनदा कर, मग लाव."

"त्यात दोन महिने जातील."

"जाऊ देत की."

पण आदल्याच दिवशी डॉक्टर दाराशी तिला हळूच म्हणाले होते, "दोन महिने धरून चाला." मी तिथेच कोनाड्यात होते. तिने बाबांचे ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी रोपे लावून टाकली.

पंधरा दिवसांत लव्हाळा भाल्यासारखा वर आला. कोवळी रोपे त्यात दिसेनाशी झाली. म्हातारा खिडकीतून पाहत राहिला. तो रागावला नाही.

"माझ्यासाठी घाई केलीस ना?"

ती वाकून तणातली रोपे शोधू लागली.

"फुलं मी ढीगभर बघितली गं. तुझे हात मातीत बघू देत."

तिने रोपांसकट सगळे उपटले आणि मला हातात घेतले. रोज शाळेआधी ती खिडकीखाली बसायची. तो आतून सांगायचा, "तिरकं धर. लव्हाळ्याच्या मुळाला गाठ असते, ती मागे राहिली तर पुन्हा उगवतो." तिच्या हातांना फोड आले. मी जुने आणि बोथट, मला त्याचे वाईट वाटे.

दुसऱ्यांदा तण उगवले तेव्हा त्याला उठून बसवत नव्हते. ती उपटलेले तण खाटेपाशी न्यायची. तो डोळे मिटून मुळे चाचपायचा. "ह्याची गाठ आत राहिली," म्हणायचा, आणि ती परत जाऊन खणायची. एके सकाळी त्याने सगळी जुडी चाचपली.

"आल्या सगळ्या," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा पाणी द्यायच्या आदल्या दिवशी तो गेला.

कित्येक दिवस तिने त्या जागेकडे पाहिले नाही. मी तिथेच कडेला ओल्या मातीत गंजत पडले होते. मग एक दिवस ती आली आणि तिने जमिनीला पाणी दिले. आठवड्याने बघते तर अख्ख्या जागेत लव्हाळ्याची पाच-सहाच पाती उगवली होती. ती तिथेच मातीत बसली आणि पोटभर रडली. मग मला उचलून तिने तेवढी पाती काढली आणि रोपे लावली. ती सगळी जगली.

मित्रांनो, अवजारे ओल्या मातीत टाकून जाऊ नका. आणि कुणी म्हातारे माणूस तुम्हाला आपले काम शिकवू पाहत असेल, तर हातातले ठेवून त्याच्यापाशी बसा. रोपे लावायला पुढचे ऋतू मिळतात.