व्रण मधोमध होता

सुचेताची बोटं बेंबीच्या खाली येऊन थांबली. तिथून एक फिकट, किंचित चकाकणारी रेघ सरळ खाली उतरत होती. तिने रेघेच्या दोन्ही बाजूंना हलकेच दाबून पाहिलं.

"हे ऑपरेशन कसलं?"

विचारताना तिने मुद्दाम पलंगावरच्या म्हातारीकडे पाहिलं. खुणांची दुभाषी कॅरल पलीकडे उभी होती, पण बोलायचं ते पेशंटशी, दुभाष्याशी नाही, असा नियम होता. कॅरलचे हात हलले. म्हातारीने ते पाहिले आणि छोटीशी खूण करून उत्तर दिलं.

"माझं अपेंडिक्स," कॅरल म्हणाली. दुभाषी कधी 'ती' म्हणत नाही, 'मी'च म्हणते. एवढ्या वर्षांत सुचेताला त्याची सवय झाली नव्हती.

हेडी पामर, वय पंच्याऐंशी. जन्म जर्मनीतला, बर्मिंगहॅममध्ये येऊन छप्पन्न वर्षं झालेली. ऐकू येत नाही. नवरा वारलेला, मूल नाही. गर्भाशयात कॅन्सर सापडला होता, सुदैवाने अगदी सुरुवातीचा. पुढच्या आठवड्यात सुचेता ते गर्भाशय काढणार होती.

"अपेंडिक्सचा व्रण उजव्या बाजूला असतो, मिसेस पामर. हा मधोमध आहे."

हेडीचे हात चादरीवर पडून राहिले. बोलणारं माणूस गप्प बसलं तर त्याचा श्वास तरी ऐकू येतो. हे हात नुसते पडून होते. मग ते उठले.

"कोर्टाने केलं," कॅरल म्हणाली आणि गोंधळली. "सॉरी, मी पुन्हा विचारून घेते." तिने विचारलं. हेडीने तीच खूण पुन्हा केली, या वेळी सावकाश, लहान मुलाला समजावून सांगावं तशी. "हो. कोर्टाने."

ती चार वर्षांची असताना तिला लाल पुरळाचा ताप आला होता आणि त्या तापात कान गेले. सॅक्सनीतल्या एका गावी बहिऱ्यांच्या शाळेत ती शिकली. मग कायदा झाला. ज्यांच्यात आनुवंशिक दोष आहे त्यांना मूल होता कामा नये, वंश निरोगी राहिला पाहिजे. शाळेतल्या मास्तरांनीच यादी पाठवली. टेबलापलीकडे तिघे बसले होते, एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. तिची आई उभी राहून सांगत होती, ताप होता हो, ताप होता. पण गावचा डॉक्टर मरून गेलेला, त्याचा कागद नव्हता. त्यांनी हेडीला प्रश्न विचारले. फ्रान्सची राजधानी कोणती? वर्षात आठवडे किती? तिने ओठ वाचून सगळी उत्तरं दिली आणि सगळी बरोबर आली. मग त्यांनी 'जन्मजात' असं लिहिलं. एकोणीसशे छत्तीस साल. ती सतरा वर्षांची होती. न्यायला पोलीस आला होता.

"तेव्हा अजून युद्ध नव्हतं," कॅरलच्या तोंडून हेडी म्हणाली. "ज्यूंची दुकानं फोडत होते, जिप्सींना गावाबाहेर तारांच्या आत नेऊन बसवत होते. आम्ही तर त्या फोडणाऱ्यांच्याच रक्ताचे. पण बिघडलेले."

सुचेताने चादर वर ओढली. तिला बसावंसं वाटेना, म्हणून ती उगाच सिंकपाशी गेली आणि हात धुतले.

"नवऱ्याला मी अपेंडिक्स सांगितलं," हेडी पुढे म्हणाली. "आर्थरला वाटत राहिलं की दोष त्याच्यात आहे. मी वाटू दिलं. चौतीस वर्षं."

मग तिने पर्समधून घडी केलेलं पत्र काढलं. जर्मनीत आता ते सगळे निकाल रद्द ठरवले होते. अर्ज केला तर तसा दाखला मिळत होता. पण तिची फाईल बॉम्बहल्ल्यात जळाली होती.

"तुम्ही मला उघडाल तेव्हा नीट बघा," ती म्हणाली. "त्या सर्जनने काय केलं ते बघा, आणि लिहून द्या."

---

रविवारी तिचा नवरा पद्माकर मागच्या बागेत पानं गोळा करत होता. बावीस वर्षं जीपी म्हणून काम करून तो दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला होता आणि बागेतली कामं वेळापत्रक लावून करत होता. सुचेता बाहेर आली, चहाचा कप भिंतीवर ठेवला, परत आत गेली, पुन्हा बाहेर आली.

"तुझं काय चाललंय?" त्याने विचारलं. "सकाळपासून तिसऱ्यांदा कपाट आवरलंस."

तिने सांगितलं. हेडी पामरचं नाव न घेता, पण बाकी सगळं.

"टेरिबल," तो म्हणाला. "पण त्यात तुला काय झालं?"

"तुला माहितीये काय झालं."

पद्माकरने रेक झाडाला टेकवला. ते दोघं नागपूरला एकाच बॅचचे. शहात्तर साली तो जिल्ह्याच्या गावी होता आणि ती वऱ्हाडातल्या एका आरोग्य केंद्रावर, अठ्ठावीस वर्षांची, एकटी मेडिकल ऑफिसर. आणीबाणी होती. वरून रोज फोन यायचा, आज नसबंदीच्या किती केसेस झाल्या? शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळे केसेस शोधत फिरायचे.

"ती दोन्ही एक नाहीत, सुचेता," तो म्हणाला. "प्लीज. तिकडे वंशाचं खूळ होतं. आपल्याकडे लोकसंख्या होती, वेड्यासारखी टार्गेट्स होती. आपण नाझी नव्हतो."

"मी कुठे म्हणाले नाझी होतो?"

"मग?"

ती वाफ्याच्या कडेने चालू लागली, टोकाला जाऊन परत आली.

"पोलिसांच्या जीपमधून आणली होती तिला. पारध्यांच्या पालावरून. ताप तपासायचाय म्हणून सांगून. अंगावर पिणारं पोर होतं, सात-आठ महिन्यांचं. फॉर्मवर लिहिलं होतं, अपत्ये तीन. मी विचारलं, किती लेकरं? तिने एक बोट वर केलं."

"हे तू मला सांगितलंयस."

"पुढचं नाही सांगितलं. हेल्थ इन्स्पेक्टर म्हणाला, तीन आहेत मॅडम, ती घाबरलीय. मी त्याच्याकडे बघत राहिले. तेव्हा तो हसला आणि म्हणाला, पारध्याची आहे, मॅडम. जितकी कमी पैदास, तितकं गावाला बरं." ती थांबली. "मी हसले नाही, पद्माकर. पण त्याला काही बोललेही नाही. सही केली आणि ऑपरेशन केलं."

पद्माकर बराच वेळ हातमोज्याला चिकटलेली माती काढत राहिला.

"नाही म्हणाली असतीस तर सस्पेंड केलं असतं तुला."

"सस्पेंडच ना?" ती म्हणाली.

पद्माकरने रेक पुन्हा उचलला. शेजारच्या घरात कुणीतरी गाडी धुवायला काढली, रेडिओ लागला. सुचेताने न प्यायलेला चहा वाफ्यात ओतला आणि आत गेली.

---

ऑपरेशन सव्वा तास चाललं. पोट उघडल्यावर तिने आधी गर्भाशयाच्या नळ्या शोधल्या. दोन्ही बाजूंना मधला तुकडा कापून काढलेला, टोकं बांधलेली. बांधायला रेशमाचा दोरा वापरला होता. अडुसष्ट वर्षांनंतरही गाठी जागच्या जागी होत्या, बारीक, काळपट. दोन्हीकडे सारख्या अंतरावर.

"नीट काम आहे," मदतीला उभा असलेला रजिस्ट्रार, तिचा ज्युनियर, म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

"हो," सुचेता म्हणाली. "घाई केलेली नाही."

तेच तिला सोसेना. कापाकापी केलेली असती, घाईत काहीतरी चुकलं असतं, तर एक राक्षस डोळ्यांपुढे आणता आला असता. इथे तिच्यासारखंच कुणीतरी होतं. हात स्वच्छ धुतलेलं, गाठ मारून झाल्यावर ती ओढून बघणारं. तिने गर्भाशयाबरोबर नळ्याही काढल्या, आणि लॅबसाठी वेगळ्या ठेवायला सांगितल्या.

---

पाचव्या दिवशी सुचेता पत्र घेऊन वॉर्डात गेली तेव्हा हेडी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. कॅरलला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. लॅबचा रिपोर्ट चांगला होता. कॅन्सर बाहेर पसरलेला नव्हता. सुचेताने ते आधी सांगितलं. हेडीने मान डोलावली, बस वेळेवर आहे असं कळावं तशी, आणि पत्रासाठी हात पुढे केला.

चष्मा लावून तिने ते दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदात नळ्यांचं वर्णन होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की ही शस्त्रक्रिया कोणत्याही आजारासाठी केलेली नव्हती. तिसरं एकच वाक्य होतं: श्रीमती पामर यांचं बहिरेपण बालपणीच्या तापामुळे आलं, ही त्यांनी दिलेली माहिती वैद्यकीयदृष्ट्या पूर्णपणे पटण्यासारखी आहे. त्या वाक्यावर हेडीचं बोट थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा मागे आलं.

"माझ्या आईने हेच सांगितलं होतं," कॅरल म्हणाली.

"हो."

"थँक यू." हेडीने पत्र पाकिटात घातलं. मग तिचे हात पुन्हा उठले आणि या वेळी बराच वेळ बोलत राहिले. कॅरल एकाग्र होऊन बघत होती.

"तो सर्जन तरुण होता. ऑपरेशनच्या आधी येऊन त्याने माझं पांघरूण नीट केलं. मी पुष्कळदा त्याचा विचार करते. मला वाटतं, त्या तापाबद्दल त्याला कुणी सांगितलं नसणार. कागदावर 'जन्मजात' लिहिलेलं होतं, तो बिचारा कागदच वाचणार. त्याला माहीत असतं तर त्याने केलं नसतं. असा विचार केला की मला झोप लागते." हात क्षणभर थांबले. "तुम्ही डॉक्टर आहात. तुम्हाला काय वाटतं?"

'नसेल माहीत' हे दोन शब्द सुचेताच्या जिभेवर तयार होते. त्यात खोटं म्हणावं असं फार नव्हतं. कोण सांगणार होतं आता? तिने कॅरलकडे पाहिलं, मग नियम आठवून हेडीकडे.

"मला वाटतं, त्याला माहीत होतं," ती म्हणाली.

कॅरलने हात उचलले आणि पोचवलं. हेडी सुचेताच्या तोंडाकडे बघत होती. तिने ओठही वाचले असावेत.

"तुम्हाला कसं कळलं?"

सुचेता पलंगाच्या कडेवर बसली. पेशंटच्या पलंगावर ती कधी बसत नसे. तिने सांगायला सुरुवात केली. इंग्रजीत ती गोष्ट तिने यापूर्वी कधीच सांगितली नव्हती. पाल, पारधी, ग्रामसेवक यांना शब्द सापडेनात. ती अडखळली की कॅरलचे हातही हवेत थांबायचे. पण एक बोट वर केलं, हे सांगायला कुठल्याच भाषेची गरज नव्हती. कॅरलने नुसतं बोट वर केलं. हेडी त्या बोटाकडे बघत राहिली.

सगळं सांगून झाल्यावर वॉर्डात दुपारच्या जेवणाच्या ट्रॉलीचा आवाज येऊ लागला. हेडीने एकच गोष्ट विचारली.

"तिला कुणी सांगितलं? तिला काय केलं ते?"

"मला माहीत नाही," सुचेता म्हणाली. "मी नाही सांगितलं."

हेडीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कार पार्कमध्ये एक माणूस गाडी लावायला जागा शोधत गोल गोल फिरत होता. त्याला जागा मिळेपर्यंत ती बघत होती. मग वळली आणि सावकाश, प्रत्येक खूण सुटी करून, कॅरलला काही सांगितलं. कॅरलने लगेच भाषांतर केलं नाही. तिने हेडीला उलट काही विचारलं. हेडीने मान हलवली, तेच, असं.

"तुम्ही माझ्यासाठी चांगलं काम केलंत," कॅरलचा आवाज खाली आला होता. "पत्रही चांगलं आहे. पण यापुढे मला दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तर चालेल का?"

"चालेल," सुचेता उठली. "नक्की चालेल. माझे सहकारी आहेत, डॉक्टर ह्यूज. ते चांगले आहेत. मी आजच सांगते त्यांना."

हेडीने हनुवटीपासून हात पुढे आणला. ही खूण सुचेताला येत होती. थँक यू. पाकीट तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं आणि त्या एका खुणेपुरता एक हात सोडवून घेतला होता. लगेच तो परत पाकिटावर गेला.

नर्सच्या टेबलापाशी येऊन सुचेताने कन्सल्टंट बदलण्याचा फॉर्म मागितला. ड्युटीवरच्या सिस्टरने तो ड्रॉवरमधून काढला आणि तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"काही झालं का, डॉक्टर? कम्प्लेंट?"

"नाही, नाही."

तिने पेशंटचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आपलं नाव खोडायच्या जागी खोडलं. शेवटी 'कारण' असं छापलेली एक रिकामी ओळ होती. ट्रॉली मागून गेली, तिला सरकून वाट द्यावी लागली. तिने पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग तिने लिहिलं, रुग्णाची इच्छा. आणि खाली सही केली.