पंचायतीचा वाटा

टिपणिसांनी पोत्यात हात घातला, मूठभर पावडर नाकाशी नेली, पुन्हा हुंगली आणि तशीच पोत्यात सोडून दिली.

"सरपंच, हे पोतं कधीपासून उघडं आहे?"

"चैत्रापासनं," आबाजी म्हणाले. "पूजा केली तवापासनं."

टिपणीस तालुक्याचे आरोग्यसेवक. सकाळीच ते पाणी शुद्ध करायची सरकारी ब्लीचिंग पावडर टेंपोत घालून आले होते आणि आल्या आल्या त्यांनी ती विहिरीत सोडली होती. तिचा उग्र वास चावडीपर्यंत येत होता. पंचायतीच्या या पोत्याला मात्र कसलाच वास नव्हता.

"तो वास म्हणजेच औषध, सरपंच. हवा लागली की उडून जातं. तुम्ही विहिरीत टाकलीत ती पावडर मेलेली होती. नुसता चुना टाकल्यासारखं झालं."

आबाजींनी पोत्यावरचं वाळलेलं कुंकू नखाने खरवडलं. बराच वेळ खरवडत राहिले.

जिल्हा परिषद तेव्हा नवी होती. खालापूर तालुक्यातल्या या गावाला विहीर शुद्ध ठेवायची योजना मिळाली, ती अटीसकट. निम्मी पावडर पंचायतीने आणायची, निम्मी सरकार देणार; पण आधी पंचायतीचा वाटा दिसला पाहिजे, मग सरकारचा सुटणार. आबाजींना भारी हौस. पंचक्रोशीत पहिला वाटा त्यांनीच आणला, थेट कर्जतहून. चावडीत नारळ फोडला, पोत्याचं तोंड उसवलं, लोकांना पावडर दाखवली आणि तोंड पुन्हा शिवलं नाही.

शिवणार कसं? गावची रीतच होती. दोघांनी भागीत भात लावायचं, तर ज्याचं बियाणं आधी येईल त्याचं पोतं दुसऱ्याचं येईपर्यंत उघडंच राहायचं. तोंड बांधलं तर दुसऱ्याला वाटणार, आत पोचट दाणे आहेत. एकदा सरकारला भागीदार मानलं, मग त्याच्याशी रीत नको पाळायला? सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरपंचाला तेवढं आठवलं नाही. पोतं उन्हाळाभर उघडं राहिलं आणि पावसाळ्यातही तसंच.

श्रावणात वरच्या वाडीत पटकीची साथ लागली. सरकारचा वाटा अजून आलेला नव्हता. आबाजींनी आपल्याच पोत्यातली निम्मी पावडर विहिरीत ओतली. पाण्याला वास येईना, तशा बाया खूश झाल्या. एकटी त्यांची सून सुंदरा पाणी उकळून घेत होती. साजगावला माहेरी तिने तसंच पाहिलं होतं.

"सरपंचाच्या घरात पानी उकळलं तर लोकं काय म्हनतील?" असं म्हणून आबाजी तिला विहिरीवर घेऊन गेले होते. आधी स्वतः प्यायले, मग सगळ्यांच्या देखत तिच्या ओंजळीत पोहरा रिकामा केला. सासऱ्याचा शब्द मोडायचा कसा, म्हणून ती प्यायली. दोन दिवसांत गेली. तिच्यामागून गावातली आणखी तीन माणसं गेली. आबाजींना मात्र साधी मळमळसुद्धा झाली नाही.

बाहेर गलका झाला, तसे दोघे चावडीतून उठून विहिरीवर आले. बाया रिकाम्या हंड्यांनिशी काठापासून लांब उभ्या होत्या. दुधाने पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. इथे तर पावडरीचं पाणी पिऊन माणसं मेलेली.

"वास नव्हता तर चार गेली," त्यांच्यापुढे उभा राहून गजा ओरडत होता. गजा म्हणजे आबाजींचा मुलगा, सुंदराचा नवरा. चार दिवसांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती. "आता तर वास मारतोय. सरकारनं माझी बायको मारली. चला गं, वहाळावर चला."

टिपणिसांचा चेहरा पांढरा पडला. वहाळ म्हणजे ओढा, तो पटकीच्या वरच्या वाडीतूनच खाली येत होता.

"सरपंच, त्यांना थांबवा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पोत्याचं काही सांगू नका. सरकारचा वाटा उशिरा आला, म्हणून असं झालं, आता चांगली पावडर आली आहे, एवढंच सांगा. खोटंही नाही ते. मीही वर तसंच कळवतो."

खोटं नव्हतंच. मुलाकडे बघताना आबाजींचा जीव तुटत होता. उरलेलं आयुष्य या एका घरात, याच मुलासमोर काढायचं होतं. एवढ्यात दोन बाया वहाळाच्या वाटेला लागल्यासुद्धा.

"गजा, थांब. सरकार उशिरा आलं, ते खरं हाय. पन पोतं मी उघडं ठेवलं. त्यातली पावडर कवाच मेली व्हती रं. त्या पान्यात औषध नव्हतंच. सुंदरा पानी उकळत व्हती, तिला मीच उकळू दिलं नाय."

वाटेला लागलेल्या बाया थांबल्या.

मग गजा विहिरीच्या काठावर गेला. त्याने पोहरा सोडला, पाणी वर ओढलं. वासाने त्याचे डोळे चुरचुरले. आबाजी लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी ओंजळ धरली.

"पैल्यांदा मला दे. लोकांना दिसू दे."

"नको, आबा," गजा म्हणाला. "त्या दिवशी पन तुमीच पैले प्यायला व्हता."

त्याने पोहरा स्वतःच्या तोंडाला लावला. गटागटा प्यायला, तोंड पुसलं आणि पुढचा पोहरा ओढून जवळच्या बाईच्या हंड्यात ओतला. एकेक बाई पुढे येऊ लागली. आबाजी ओंजळ धरून तसेच उभे होते, म्हणून बाया त्यांना वळसा घालून जात होत्या.