फळ्यावरचं तीन-एक

कार्ले फाट्यावर निलेशचं चहाचं हॉटेल आहे आणि गल्ल्याच्या मागं एक काळा फळा आहे. एरवी त्यावर मिसळीचा भाव असतो. कसोटी मालिका जवळ आली की भाव पुसला जातो आणि गावातले शहाणे आपापला अंदाज लिहून खाली सही ठोकतात. ज्याचा आकडा बरोबर येईल, त्याला जानेवारीतल्या गावच्या स्पर्धेचा पहिला चेंडू टाकायचा मान. स्पर्धा भात निघालेल्या खाचरात होते आणि खाचर निलेशच्या वडिलांचं, दत्तोबांचं. बक्षीस म्हणाल तर तो एक चेंडू, पण त्याच्यापायी सख्ख्या चुलतभावांनी दिवाळीत एकमेकांचा फराळ टाळलेला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याला आठ दिवस उरले तेव्हा चिमाबाई हॉटेलात आली. नवऱ्याच्या जागी रेल्वेच्या गँगमध्ये लागून सव्वीस वर्षं घाटात रूळ सांभाळलेली बाई. मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री चालायची, आणि खडी ओढता ओढता तिनं क्रिकेट कानानं शिकून घेतलं. गावातल्या निम्म्या पुरुषांपेक्षा तिला जास्त कळायचं, आणि हे त्या निम्म्यांनाही ठाऊक होतं. पण फळ्यावर आजवर एकाही बाईची सही झाली नव्हती, आणि बुद्धविहाराकडच्या वस्तीतल्या तर कुणाचीच नव्हती. तसा नियम कुठं लिहिलेला नाही. असले नियम लिहावे लागत नाहीत.

तिला तो चेंडू टाकायचा होता. उगाच आडपडदा कशाला, अगदी मनापासून टाकायचा होता.

फळ्यावर बारा अंदाज होते. पाच-शून्य, चार-शून्य, चार-एक, सगळे आपल्याच बाजूचे. सगळ्यात वर दत्तोबांचं पाच-शून्य. चिमाबाईनं खडू उचलला आणि लिहिलं, ऑस्ट्रेलिया तीन, भारत एक, एक बरोबरीत. खाली नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट सही केली.

"मावशी, पुसा ते," निलेश म्हणाला. "आपल्याच देशाचं वाईट चिंतता व्हय?"

"चिंतत न्हाई, सांगतीया. गेल्या महिन्यात गहुंज्याच्या मैदानावर मी सोता तिकीट काढून गेलते. न्यूझीलंडनं तीन दिसांत आपला बाजार उठवला, ते बी घरच्या अंगनात. तितं तर चेंडू छातीवर येतोय. एक मॅच जिंकू, लय झालं."

"पन लिहायचं कशाला? मनात ठेवा."

"ह्यो अंदाजाचा फळा हाय का नवसाचा? नवस बोलायचा तर डोंगरावर देऊळ हाय. तितं जावा."

कोपऱ्यात दत्तोबा बशीतून चहा पीत होते. "ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "तिचा आकडा कुटं खरा येतोय."

पहिली कसोटी आपण जिंकलो. थोडीथोडकी नाही, जवळजवळ तीनशे धावांनी. फाट्यावर फटाके वाजले, आणि निलेशनं मुद्दाम चिमाबाईच्या घरी पेढे पाठवले. जखमेवर मीठच म्हणायचं, फक्त साखर घातलेलं. तिनं दोन खाल्ले आणि निरोप धाडला, "एक जिंकनार म्हनलंच हुतं. झाली ती एक."

दुसरी हरलो. तिसरी पावसानं वाहून गेली. चौथी हरलो तेव्हा हॉटेलात टीव्हीचा आवाज बारीक झाला, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी पाचवीही गेली. चिमाबाई रडली. आकडा बरोबर आला म्हणून आपला संघ हरल्याचं दुःख कमी होत नाही, आणि ज्याला तसं वाटतं त्यानं क्रिकेट बघितलेलंच नाही. मग तिनं तोंड धुतलं आणि हॉटेल गाठलं.

फळ्यावर मिसळीचा भाव होता.

"मावशी," निलेश कप विसळत म्हणाला, वर न बघता, "यंदा पहिला चेंडू आबा टाकनार हायेत. खाचर त्यांचंच हाय न्हवं."

"नोकरीच्या आदी त्याच खाचरात मी नऊ वर्सं भाताची आवणी केलीया. चिखलात वाकले तवा कुनी सांगितलं न्हाई खाचर कुनाचं ते. पुढच्या रविवारी स्पर्धेला येते."

आणि आली. एकटी आली, पायात गँगमधले बूट, पदर कमरेला घट्ट खोचलेला. लोक बांधावर बसले होते, निलेश बॅट घेऊन उभा होता आणि चेंडू दत्तोबांच्या हातात होता. चिमाबाई थेट त्यांच्यासमोर गेली आणि हात पुढं केला.

"आबा, तुमी सोता वाचलंय फळ्यावर."

दत्तोबांनी बांधाकडं नजर फिरवली. सगळं गाव बघत होतं. पाच-शून्यखाली त्यांचीच सही होती. त्यांनी चेंडू तिच्या हातावर ठेवला. "एकच हां," ते पुटपुटले.

मानाचा चेंडू फलंदाजानं सोडून द्यायचा, अशी रीत. चिमाबाई धावत आली, हात फिरवला, आणि चेंडू निलेशपासून दोन हात लांबून थेट बांधावरच्या माणसांत गेला. पंच होता बजरंग. त्यानं सवयीनं दोन्ही हात पसरले. बांध हसला, आणि निलेश सगळ्यात मोठ्यानं हसला.

"झालं मावशी. मान मिळाला. या आता बाजूला."

चिमाबाईची कानशिलं तापली होती, पण ती जागची हलली नाही.

"बजरंग, हात कशाला पसरलं?"

"वाईड हाय, मावशी."

"मंग वाईड षटकात मोजत्यात का?"

बजरंगनं निलेशकडं बघितलं, दत्तोबांकडं बघितलं. क्रिकेटचा नियम मात्र त्याला चांगला ठाऊक होता.

"न्हाई मोजत," तो म्हणाला.

"मंग माजा पयला चेंडू आजून टाकायचाय. आना हिकडं." चेंडू हातात आला तसा तिनं निलेशकडं रोखून बघितलं. "आन तू आता सोडू नगं. खेळ."

ती वळली आणि या वेळी चार पावलं जास्त मागं गेली.