उजव्या खांद्याची पट्टी

मी छावणीतला शिंपी. चौतीस वर्षं याच फाटकाच्या आत, बारा बाय दहाच्या खोलीत बसून फौजेचे कपडे शिवतोय. तोंडावर सगळे मला मास्तर म्हणतात आणि माघारी जमदग्नी, तेही मला ठाऊक आहे. राग नाकावर असतो हे खरं. पण तो बहुतेक वेळा वाईट शिलाईवर असतो, माणसांवर नाही.

कॅप्टनबाईंची आणि माझी ओळख वाईट शिलाईमुळेच झाली. त्यांचा शर्ट खांद्यात सैल करायला आला होता आणि त्याचं दुसरं बटण कुणीतरी भलत्याच पद्धतीनं लावलं होतं. दोऱ्याला तीन पीळ देऊन गच्च आवळलेली गाठ, आणि वर दोऱ्याची टोकं पाव इंच मोकळी. माझ्या हाताखालच्या कारागिरानं अशी टोकं सोडली असती तर त्याला मी दारात उभं केलं नसतं. पण गाठ अशी पक्की की कापड फाटेल, बटण निघणार नाही. मी ती ब्लेडनं कापली, चार शिव्या हासडल्या आणि बटण नीट लावून दिलं. दोन महिन्यांनी बाहीचं बटण आलं. गाठ तीच.

"मॅडम, हे कोण लावतं?"

"मीच," त्या म्हणाल्या.

साफ खोटं. या बाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शंभर-सव्वाशे जवानांची कंपनी सांभाळतात, पण सुई हातात दिली की बोटच शिवून घेतील.

मग एकदा आमच्या कुत्रीचा पाय काटेरी तारेत फाटला. तिला उचलून गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या. माझ्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, कुत्रीशी मात्र सारखं बोलत होत्या, "झालं हं बाळा, एकच टाका राहिला." वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. गॅलरीतल्या दोरीवर फौजेचे खाकी मोजे वाळत होते. माझी नजर गेली, पण डोक्यात काही शिरलं नाही. घरी येऊन टाके पाहिले तेव्हा शिरलं. तीन पीळ, आणि टोकं पाव इंच मोकळी.

मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि आमच्या हिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय ते आमच्या आळीला विचारा. त्या काळी असं काही कळलं की नोकरी जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॅप्टनबाईंची बटणं उसवणं मात्र मी त्या दिवसापासून बंद केलं. असू देत तशीच, म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी नियम बदलला. कुणावर प्रेम करता म्हणून कुणाला फौजेतून काढणार नाही, असं वरून लेखी आलं. परिपत्रक फलकावर लागलं, पावसानं भिजलं, सुकलं, पिवळं पडलं. आमच्या तुकडीत कुणी तोंड उघडलं नाही.

आणि मग कॅप्टनबाईंना मेजरपद मिळालं.

आमच्याकडे रीत अशी की बढतीच्या दिवशी अख्ख्या कंपनीसमोर डाव्या खांद्याची हुद्द्याची नवी पट्टी कर्नल साहेब चढवतात आणि उजव्या खांद्याची घरचं माणूस. त्या माणसाचं नातं चिठ्ठीवर लिहून आदल्या दिवशी पाचच्या आत कचेरीत द्यायचं. ते मैदानावर मोठ्यानं वाचतात. पट्ट्या अर्थात मीच शिवतो.

त्या दुपारी चारला आल्या. मी पट्टीची कड दुमडत होतो.

"मास्तर, उद्या उजवी पट्टी तुम्ही चढवाल का?"

माझं मशीन थांबलं. चौतीस वर्षांत एवढा मान मला कुणी दिला नव्हता. डोळे भरून आले. आणि पाठोपाठ रागही आला.

"का? घरचं कुणी नाही?"

"आई-बाबा गेले. भाऊ ओळख दाखवत नाही. बारा वर्षं तुम्हीच तर कपडे सांभाळलेत माझे."

"आणि डॉक्टरीणबाई?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वळून त्यांनी आधी दार लोटलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"पाच वर्षं झाली. तुमच्या शर्टाला आणि माझ्या कुत्रीच्या पायाला एकच गाठ आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या स्टुलावर बसल्या. हातातली चिठ्ठी कोरी होती.

"नियम कागदावर बदललाय, मास्तर. माणसं तीच आहेत. ती रात्र रात्र माझी वाट पाहते. मी मेले तर तिला कुणी कळवणारसुद्धा नाही, हे मला कळत नाही का? पण परवा मला याच पोरांना घेऊन सीमेवर जायचंय. मी म्हणणार, चला, आणि मागे एक जरी जण खुदकन हसला, एक जरी जागचा हलला नाही, तर माणसं मरतील. माझ्या सुखासाठी?"

मी त्यांना आमच्या एका नाईकाची गोष्ट सांगितली. वीस वर्षं झाली. पुरात दोन साथीदारांना पाठीवर घालून बाहेर काढणारा पोरगा. एका मुलाला लिहिलेली त्याची पत्रं सापडली आणि त्याला काढलं. त्याच्या बाहीवरच्या फिती उसवायला मलाच सांगितलं होतं. तो इथंच उभा होता, बनियनवर. "सावकाश करा मास्तर, कापड चांगलं आहे," असं मलाच म्हणाला. मी मूग गिळून टाके उसवत राहिलो.

"आणि बाहेर पायरीवर कोण बसलं होतं ठाऊक आहे? पुरातले ते दोघं. एकाला रडू आवरत नव्हतं. हसत कुणी नव्हतं, पोरी. हसू कुणाला येतं, तर ज्याला कधी कुणी पाठीवर घेतलेलं नाही त्याला."

बारा वर्षांत मी तिला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं. तिनं माझी पेन्सिल उचलली, चिठ्ठीवर भरभर काही लिहिलं आणि ती घेऊन निघून गेली. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

सकाळी पट्ट्यांची डबी मैदानावर देऊन मी मागे जाऊन उभा राहिलो. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. शर्टाला इस्त्री नाही. माझे हात शिवशिवले, पण गप्प बसलो. कर्नल साहेबांनी डावी पट्टी चढवली. मग कचेरीचा अधिकारी कागदावरून वाचू लागला. एक क्षण अडखळला, पण वाचलं सगळं, "उजवी पट्टी, मेजर साहेबांच्या जोडीदार, डॉक्टर."

पुढच्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली.

डॉक्टरीणबाई उठेनात. मी म्हटलं, "जा बाई, तुम्हालाच बोलावलंय." तेव्हा उठल्या आणि एवढं मोठं मैदान एकट्या चालत गेल्या. अडलेल्या गाईचं वासरू सोडवणारे हात, पण पट्टी खांद्यावर चढेना. नवी पट्टी घट्ट असते, चूक माझीच. मेजरबाई समोर बघत ताठ उभ्या होत्या. फक्त ओठ हलले. "सावकाश," असं म्हणाल्या असाव्यात. पट्टी बसली. डॉक्टरीणबाईंनी त्यावरून एकदा अंगठा फिरवला.

रीतीप्रमाणे आता नव्या मेजरनं आपल्या कंपनीला पहिला हुकूम द्यायचा असतो. त्या कंपनीकडे वळल्या. त्यांनी श्वास घेतला.

"कंपनी, सावधान!"

सगळ्या टाचा एकदम वाजल्या. एक तेवढी उशिरा वाजली, ती नव्या भरतीतल्या एका पोराची, आणि त्याची रोजच उशिरा वाजते.

डॉक्टरीणबाई दचकल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. बारा वर्षं टाचांचा हा आवाज त्यांनी छावणीच्या भिंतीपलीकडच्या रस्त्यावरूनच ऐकला होता.